एकध्रुवी आकाशक : दिसणारा अर्धा, न दिसणारा अर्धा

(तृतीय वर्ष कला)

आमच्या गावाकडच्या घरी माळ्यावर व्हॉल्व्हचा एक जुना रेडिओ आहे. तो आता बोलत नाही. त्याच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर दोन भोके आहेत. एकाखाली 'एरियल' आणि दुसऱ्याखाली 'अर्थ' असे छापलेले अजून वाचता येते. आजोबा सांगत, की एरियलची तांब्याची जाळीदार पट्टी छपरावर दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली असे. आणि अर्थची तार मागच्या दाराने बाहेर पडून न्हाणीपाशी, ओल राहील अशा जागी पुरलेल्या पत्र्याला जोडलेली असे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली आणि पुणे केंद्राचा आवाज खोल गेला, की आजी आतून म्हणे, "अहो, त्या अर्थाला तांब्याभर पाणी घाला." आम्ही नातवंडे हे ऐकून हसत असू. अर्थाला पाणी घालायचे म्हणजे काय, हे मला गेल्या वर्षी समजले. त्या समजण्याची ही हकीकत आहे.

कलाशाखेच्या वार्षिकांकात तारा आणि कंप्रता यांचे काय काम, असे कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. आपण तर्कशास्त्राच्या तासाला 'गृहीतक' हा शब्द शिकतो. गृहीतक चुकले, की निष्कर्ष कितीही शुद्ध रीतीने काढला तरी चुकतो, हेही शिकतो. ही गोष्ट मला वर्गात पाठ झाली होती. ती पटली मात्र आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाऊण मीटर लांबीच्या एका पितळी काडीपाशी. विज्ञान शाखेतला एक मित्र बरोबर होता. गणित त्याचे, चूक दोघांची.

दोन भुजा आणि एक भुजा

परिभाषेत ज्याला आकाशक म्हणतात, त्याला आपण बोलताना एरियल किंवा अँटेना म्हणतो. तारेतल्या विद्युत्प्रवाहाचे आकाशातल्या तरंगांत रूपांतर करणे, किंवा उलट आकाशातल्या तरंगांपासून तारेत प्रवाह निर्माण करणे, हे त्याचे काम. एकच आकाशक दोन्ही कामे सारख्याच गुणाने करतो. म्हणून पुढे प्रेषणाबद्दल जे म्हटले आहे, ते ग्रहणालाही लागू आहे असे वाचकांनी समजावे.

हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ च्या सुमारास जर्मनीतील कार्ल्सरूह येथे विद्युत्‌चुंबकीय तरंग प्रथम प्रयोगाने दाखवून दिले. त्यांच्या आकाशकाला दोन सारख्या भुजा होत्या व मध्ये ठिणगीची फट होती. एका भुजेत विद्युत्‌भार जेव्हा पुढे सरके तेव्हा दुसऱ्या भुजेत तो मागे खेचला जाई. दोन भुजांचा म्हणून हा द्विध्रुवी आकाशक.

गुग्लिएल्मो मार्कोनी यांनी १८९५ मध्ये इटलीत, बोलोन्याजवळच्या आपल्या घरी, यात एक बदल केला. एक भुजा त्यांनी उंच नेली, आणि दुसऱ्या भुजेऐवजी ते टोक सरळ जमिनीत पुरलेल्या धातूच्या पत्र्याला जोडले. संदेश टेकडीच्या पलीकडे पोहोचला. पुढे १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल येथे, पतंगाने उचललेल्या तारेवर, अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संदेश आपण ऐकल्याचे त्यांनी जाहीर केले, तेव्हाही तारेचे खालचे टोक जमिनीलाच जोडलेले होते. एकच भुजा दिसते म्हणून याला एकध्रुवी आकाशक म्हणतात. मोटारीवरची जुनी लांब काडी आणि मध्यम लहरींच्या केंद्रांचे उंच मनोरे ही सारी याच कुळातली.

परंतु एकच भुजा दिसते म्हणून एकच भुजा असते, असे नाही. प्रवाहाला जायला एक वाट आणि यायला दुसरी वाट लागते. काडीत भार वर ढकलायचा तर तो कोठून तरी घ्यावा लागतो. मार्कोनींनी दुसरी भुजा काढून टाकली नाही. ती भूमीकडे सोपवली.

भूमीचा आरसा

भूमी हे काम कसे करते? पाणी स्थिर असलेल्या तळ्याच्या काठी उभा असलेला खांब डोळ्यांसमोर आणावा. पाण्यात त्याचे उलटे प्रतिबिंब दिसते आणि खांब दुप्पट लांबीचा वाटतो. उत्तम विद्युत्‌वाहक पृष्ठभाग विद्युत्‌तरंगांच्या बाबतीत असाच आरसा असतो. त्यावर उभ्या केलेल्या काडीचे प्रतिबिंब पृष्ठभागाखाली आहे असे समजून गणित केले, तर पृष्ठभागावरच्या जगासाठी उत्तर अचूक येते. काडी एक भुजा, प्रतिबिंब दुसरी. दोन्ही मिळून द्विध्रुवी आकाशक पूर्ण होतो.

यावरून एक महत्त्वाचा आकडा सहज निघतो. अर्ध्या तरंगलांबीच्या बारीक द्विध्रुवी आकाशकाचा प्रारण-रोध सुमारे ७३ ओहम असतो. एकध्रुवी आकाशकात तेवढाच प्रवाह सोडला तर वरच्या अर्ध्या अवकाशातच ऊर्जा फेकली जाते; खाली जमीन आहे. प्रवाह तोच, ऊर्जा निम्मी, म्हणून रोधही निम्मा, सुमारे ३६.५ ओहम. हा आकडा लक्षात ठेवावा. त्यावरच पुढची सारी कथा उभी आहे.

आरसा मात्र स्वच्छ हवा. कोरडी, खडकाळ जमीन हा मळका आरसा. तिच्यात शिरलेला प्रवाह तरंग न होता उष्णता होऊन वाया जातो. आजीचे तांब्याभर पाणी त्या मळक्या आरशाला पुसत होते, असे म्हणायला हरकत नाही. पुणे केंद्राची कंप्रता ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी जवळजवळ ३७९ मीटर. तिचा पाव हिस्सा झाला सुमारे ९५ मीटर. एवढ्या उंचीचा मनोरा उभा करणाऱ्यांना पायाखालच्या मातीची चिंता केवढी असेल, याची यावरून कल्पना यावी.

ही चिंता मोजून दाखवली ती जॉर्ज ब्राउन, रॉबर्ट लुइस आणि जेस एप्स्टाइन या तीन अमेरिकन अभियंत्यांनी. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत मनोऱ्याच्या बुंध्यापासून चहूबाजूंना चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा जमिनीत पुरल्या होत्या. आधी २, मग १५, ३०, ६० आणि शेवटी ११३. तारा थोड्या असताना ऊर्जेचा मोठा वाटा माती खाई. तारा वाढत गेल्या तसे मापन गणिताच्या जवळ येत गेले. पुढे अमेरिकेत मध्यम लहरींच्या केंद्रांसाठी १२० तारांचा दंडक रूढ झाला. मनोरा सर्वांना दिसतो. गवताखालचे ते मैलोगणती तांबे कोणाला दिसत नाही.

आमची आकडेमोड

आम्ही ठरवले, की एफ. एम. रेडिओ ऐकण्यासाठी एक एकध्रुवी आकाशक बांधायचा. प्रेषणाला परवाना लागतो, ऐकण्याला लागत नाही. एफ. एम.चा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. आम्ही १०० मेगाहर्ट्झ हा सोयीचा आकडा धरला. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. त्याला दहा कोटीने भागले, की तरंगलांबी ३ मीटर. पाव हिस्सा ७५ सेंटिमीटर.

पण बरोबर ७५ सेंटिमीटरची काडी थोडी लांब ठरते. काडीला जाडी असते, टोकाशी भार साचतो, आणि तरंगाला ती आहे त्याहून लांब भासते. त्या लांबीला रोधाबरोबर सुमारे २१ ओहमांची प्रतिक्रियाही येते. ही प्रतिक्रिया ऊर्जा खात नाही. घेतलेली ऊर्जा दर आवर्तनात परत करते, आणि देवाणघेवाण बिघडवते. ती शून्य व्हावी, म्हणजेच काडी अनुस्पंदनात यावी, म्हणून लांबी शेकडा चार-पाच कमी करतात. आमची काडी ७१ ते ७२ सेंटिमीटर असावी असे निघाले. तेव्हा तिचा संरोध जवळजवळ ३६ ओहम, निव्वळ रोधासारखा.

समाक्ष केबल आणि परत येणारी लाट

काडीपासून रेडिओपर्यंत तरंग आणायला समाक्ष केबल वापरतात. मधोमध एक तार, तिच्याभोवती प्लॅस्टिकचे वेष्टन, त्यावर तांब्याच्या तारांची विणलेली जाळी, आणि सर्वांवर काळे आवरण. टीव्हीच्या केबलचा तुकडा कापून पाहिला तर ही रचना दिसते. ही कल्पना जुनी आहे. ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले होते. तरंग आतली तार आणि जाळी यांच्या मधल्या जागेतून जातो. बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता लागत नाही.

अशा केबलला स्वतःचा एक संरोध असतो. तो तिच्या लांबीवर अवलंबून नसतो. जाळीचा आतला व्यास आतल्या तारेच्या व्यासाच्या किती पट आहे, आणि मधले प्लॅस्टिक कोणते आहे, यांवर तो ठरतो. पॉलिथीन असेल तर त्या पटीचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम काढून ९२ ने गुणावे. व्यास साडेतीन पट असेल तर लॉगॅरिदम ०.५४४, आणि गुणाकार ५० ओहम. बाजारातली बरीचशी केबल ५० ओहमांची असते. हा आकडाही तडजोडीचा आहे. मध्ये नुसती हवा असलेल्या केबलमध्ये सर्वांत कमी ऊर्जा वाया जाते ती सुमारे ७७ ओहमांना, आणि सर्वांत जास्त शक्ती वाहून नेता येते ती सुमारे ३० ओहमांना. ५० हा दोहोंच्या मधला.

आता केबल ५० ओहमांची आणि काडी ३६ ओहमांची. जाड दोराला बारीक दोरी बांधून झटका दिला, तर गाठीपाशी लाटेचा काही भाग उलटा फिरतो. इथेही तसेच होते. किती भाग उलटतो? दोन्ही संरोधांची वजाबाकी भागिले बेरीज : १४ भागिले ८६, म्हणजे ०.१६३. शक्तीसाठी याचा वर्ग करावा, तो सुमारे ०.०२७. म्हणजे शंभरातले जवळजवळ तीन भाग परत आले, सत्त्याण्णव पुढे गेले. जाणारी आणि येणारी लाट मिसळून केबलमध्ये स्थिर तरंग तयार होतो. त्याच्या उंच आणि सखल भागांच्या प्रमाणाला स्थिरतरंग-गुणोत्तर म्हणतात. इथे ते ५० भागिले ३६, म्हणजे १.४. एक हा आदर्श. दोनपर्यंत व्यवहारात चालते. आम्ही खूष झालो.

कागदावरून संगणकावर

बांधण्याआधी संगणकावर प्रतिरूपण, म्हणजे ज्याला सर्रास सिम्युलेशन म्हणतात ते, करून पाहावे असे मित्राने सुचवले. त्याने वापरलेला प्रोग्रॅम 'नेक' या नावाच्या कुळातला होता. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जेरल्ड बर्क आणि अँड्र्यू पोजिओ यांनी तो रचला, आणि त्याची दुसरी आवृत्ती १९८१ मध्ये आली. त्या काळी संगणकाला भोके पाडलेल्या कार्डांवरून आज्ञा देत. आज कार्डे गेली, तरी या प्रोग्रॅमच्या आज्ञेच्या एकेका ओळीला अजून 'कार्ड'च म्हणतात.

त्याची रीत कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही समजेल अशी आहे. एका चाळीत एकवीस खोल्या आहेत असे समजा. प्रत्येक खोलीतला आवाज बाकीच्या वीस खोल्यांत कमीअधिक ऐकू जातो. एका खोलीत कोणी ढोल वाजवला, तर शेवटी कोणत्या खोलीत किती आवाज होईल? प्रत्येक खोलीचे एक समीकरण मांडायचे आणि एकवीस समीकरणे एकदम सोडवायची. प्रोग्रॅम काडीचे असेच एकवीस तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यातला प्रवाह अज्ञात धरतो. एका तुकड्यातल्या प्रवाहाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो, हे मॅक्सवेल यांच्या नियमांवरून काढतो, आणि तळाच्या तुकड्याला उगम जोडून सारी समीकरणे सोडवतो. प्रवाह कळले, की संरोध कळतो आणि कोणत्या दिशेला किती ऊर्जा जाईल तेही कळते.

उत्तरावर विश्वास केव्हा ठेवावा, यासाठी एक कसोटी आहे. तुकड्यांची संख्या दुप्पट करून पुन्हा सोडवावे. उत्तर फारसे हलले नाही तर ठीक. बरेच हलले तर पहिले उत्तर कच्चे समजावे. आम्ही तसे केले. उत्तर हलले नाही. ३६ ओहम, गुणोत्तर १.४. कागदाने सांगितले तेच यंत्राने सांगितले. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागल्यावर शंका घेण्याचे कारण आम्हांला दिसले नाही.

गच्चीवर

वेल्डिंगच्या दुकानातून तीन मिलिमीटर जाडीच्या पितळी काड्या आणल्या. एक काडी मापाने कापली आणि केबलच्या आतल्या तारेला डाग देऊन जोडली. जाळी मागे दुमडून तशीच सोडली. काडी एका लाकडी दांड्याला बांधून गच्चीच्या कठड्यावर उभी केली. केबलचे दुसरे टोक हाताच्या तळव्यात मावेल अशा मापकाला लावले. हे मापक केबलमध्ये अगदी क्षीण तरंग सोडते आणि किती परत आला ते दाखवते.

गुणोत्तर १.४ यायला हवे होते. आले तीनच्या वर. आम्ही डाग पुन्हा दिला. केबल बदलली. काडी अर्धा सेंटिमीटर कापली, मग आणखी अर्धा. आकडा कधी घटे, कधी वाढे, पण आमच्या कापण्याशी त्याचा काही मेळ बसेना. तेवढ्यात मित्राने सहज केबल उचलून बाजूला केली, आणि मापकावरची रेघ जागेवरून सरकली. मी केबल मुठीत धरली. रेघ पुन्हा सरकली. मूठ केबलवरून खाली नेली, तशी रेघही हलत गेली.

आम्ही हात लावत होतो तो केबलच्या बाहेरच्या काळ्या आवरणाला. तरंग तर केबलच्या आत असतो, बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता लागत नाही, असे आम्हीच वर म्हटले होते. मग बाहेरून धरल्याने आत काय बिघडले?

केबलची तिसरी वाट

याचे उत्तर शोधायला आम्हांला आठवडा लागला, आणि ते सापडल्यावर आपण किती उघड गोष्ट विसरलो होतो याची लाज वाटली.

उच्च कंप्रतेचा प्रवाह धातूच्या सर्व जाडीतून वाहत नाही. तो पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून वाहतो. तांब्यात १०० मेगाहर्ट्झला या थराची खोली सुमारे साडेसहा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाइतकी असते. त्यामुळे केबलची जाळी दिसायला एक असली तरी प्रवाहाच्या दृष्टीने त्या दोन स्वतंत्र वाटा आहेत : जाळीचा आतला पृष्ठभाग आणि जाळीचा बाहेरचा पृष्ठभाग. मधली तार धरली तर केबलमध्ये दोन नव्हे, तीन वाटा झाल्या. एका घराच्या भिंतीला जशी आतली व बाहेरची बाजू असते आणि एका बाजूचा रंग दुसरीकडे दिसत नाही, तसेच हे.

केबलच्या आत सगळे नीट चालते. मधल्या तारेतून जेवढा प्रवाह वर जातो, तेवढाच जाळीच्या आतल्या बाजूने खाली येतो. केबल संपते तिथे मधल्या तारेतला प्रवाह काडीत शिरतो. पण जाळीच्या आतल्या बाजूला तेवढाच प्रवाह कोठून तरी मिळायला हवा. आमच्या आकाशकाला भूमी नव्हती. कठड्यावरच्या लाकडी दांड्याखाली आरसा कसला? प्रवाहाला एकच वाट उरली : जाळीचे टोक ओलांडून तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर यायचे आणि केबलवरून खाली उतरायचे. आकाशकाची दुसरी भुजा आम्ही दिली नाही, म्हणून त्याने केबललाच भुजा केले. केबलच्या टोकाला मापक, मापक मित्राच्या हातात, मित्र गच्चीवर उभा. तेव्हा मित्रही त्या आकाशकाचा एक भाग झाला होता.

मग संगणकाने हे का सांगितले नाही? कारण आम्ही त्याला विचारलेच नव्हते. प्रोग्रॅममध्ये 'आदर्श भूमी' असा एक पर्याय होता. तो आम्ही विचार न करता निवडला. तो निवडताच काडीखाली अमर्याद पसरलेला, अत्युत्तम वाहक असा सपाट पृष्ठभाग गृहीत धरला गेला. त्यात केबल नव्हतीच. उगम थेट काडीच्या तळाशी होता. अशा जगात काडीचा संरोध ३६ ओहमच असतो. उत्तर बिनचूक होते. फक्त ते आमच्या गच्चीबद्दल नव्हते. आणि ज्या दोन साक्षीदारांच्या एकमताने आम्ही निश्चिंत झालो होतो, ते दोघेही एकाच गृहीतकावर बोलत होते. कागदानेही भूमी धरली होती, यंत्रानेही. तुकडे दुप्पट करण्याची कसोटी गणिताचा कच्चेपणा पकडते. मांडणीतली उणीव तिला दिसत नाही.

आम्ही मांडणी बदलली. आदर्श भूमी काढून टाकली. जाळीच्या बाहेरच्या बाजूसाठी एक स्वतंत्र तार मांडली आणि तिचे वरचे टोक उगमाच्या दुसऱ्या बाजूला जोडले. आता त्याच प्रोग्रॅमने गच्चीवरची कथा सांगायला सुरुवात केली. ही तार ७५ सेंटिमीटर धरली, तर काडी आणि केबल मिळून नेहमीचा द्विध्रुवी आकाशक होतो व संरोध ७० ओहमांच्या आसपास येतो. तीच दीड मीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी धरली, तर संरोध कित्येक पटींनी चढतो आणि बहुतेक ऊर्जा परत फिरते. आकाशकाला हात न लावता, केवळ केबल लांब-आखूड केल्याने त्याचा गुण बदलत होता. आम्ही काडी कापत बसलो होतो, आणि दोष होता तो काडीच्या खाली.

चार काड्या

उपाय जुनाच आहे. खरी भूमी दूर असेल तर कृत्रिम भूमी करावी. काडीच्या तळाशी, जाळीला जोडलेल्या, पाव तरंगलांबीच्या चार काड्या चार दिशांना आडव्या लावाव्यात. एकमेकींच्या समोरच्या काड्यांतले प्रवाह उलट दिशांनी वाहतात. म्हणून दुरून पाहता त्यांचे तरंग एकमेकांना खोडून टाकतात, आणि प्रारण करते ती उभी काडीच. या रचनेचे श्रेयही वर आलेल्या ब्राउन यांना देतात. अशी गोष्ट सांगतात, की त्यांना दोनच आडव्या काड्या पुरेशा दिसल्या होत्या. पण दोन काड्यांचा आकाशक चारी दिशांना सारखा चालेल यावर विक्री खात्याचा विश्वास बसेना, म्हणून चार लावल्या.

चौकोनी बैठकीचा एक सॉकेट घेतला. त्याच्या मधल्या पिनेला उभी काडी, आणि चार कोपऱ्यांच्या भोकांत नटबोल्टने ७५ सेंटिमीटरच्या चार काड्या. उभी काडी या वेळी मुद्दाम लांब ठेवली; जास्तीची कापता येते, कापलेली जोडता येत नाही. कापत कापत रेघ जागेवर आणली, तेव्हा गुणोत्तर दीडच्या जवळ आले. मग चारही काड्या उघड्या छत्रीच्या काड्यांप्रमाणे खाली सुमारे ४५ अंशांत वाकवल्या. असे केल्याने आकाशक थोडा द्विध्रुवीकडे झुकतो आणि संरोध ३६ वरून चढत ५० ओहमांच्या जवळ येतो, असे गणित सांगते. आणखी थोडे कापून जुळवल्यावर मापकाने १.१ दाखवले. केबलवर तळाजवळ फेराइटची दोन कडी चढवली. ती बाहेरच्या पृष्ठभागावरचा प्रवाह अडवतात आणि आतल्या तरंगाला मात्र धक्का लावत नाहीत. त्यानंतर मी केबल मुठीत धरली. रेघ जागची हलली नाही.

त्या रात्री आम्ही गच्चीवर बसून बराच वेळ रेडिओ ऐकला. काय ऐकले ते आता आठवत नाही. ती स्थिर रेघ आठवते.

शेवटी दोन शब्द

ज्यांना असा आकाशक करून पाहायचा असेल, त्यांना अनुभवाने सांगतो : काडी मापण्याआधी प्रवाहाची परतीची वाट कोठून जाते ते कागदावर बोटाने फिरवून पाहा. वाट सापडली नाही तर ती नाही असे समजू नका. ती तुम्हांला न विचारता कोठून तरी काढली जाईल. प्रतिरूपण करताना केबल मांडा. प्रोग्रॅममधला प्रत्येक पर्याय हे एक विधान आहे, आणि त्यावर आपली सही पडते, हे ध्यानात ठेवा. गच्चीवर काम करताना विजेच्या तारांपासून काडी दूर ठेवा, आणि आभाळात गडगडू लागले तर सारे सोडून खाली या.

आपल्या शाखेच्या मित्रांना वेगळे सांगायला नको. आपणही कवीचे मोठेपण मोजतो, एखाद्या लढ्याचा इतिहास लिहितो, समाजाविषयी सिद्धान्त मांडतो. उंच उभी काडी दिसते; तिला तोलून धरणारी जमीन लेखातून सुटते. दोन ग्रंथांचे एकमत झाले की आपण निश्चिंत होतो, आणि दोघांनी एकच गोष्ट न तपासता धरली होती का, हे पाहायचे राहते.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा न्हाणीमागची माती थोडी उकरून पाहिली. वीतभर खाली गंजलेला पत्रा लागला, आणि त्याला गुंडाळलेली हिरवी पडलेली तांब्याची तार. आजोबा आता नाहीत. आजी ओट्यावर बसली होती. तिला विचारले, "आजी, तुला कसं गं कळलं होतं, की इथे पाणी घालायचं?" ती म्हणाली, "कळायचंय काय त्यात? घातलं की आवाज यायचा."